रकाने आधी देऊ नका

बाई, तुमची अडचण वाचली आणि लगेच लिहायला बसलो. दुसरीतली मुलं पुस्तकातला चित्रालेख नीट वाचतात, पण 'विचारून या, कोणाकडे काय आहे' म्हटलं की कागदावर नुसता गोंधळ घेऊन येतात. गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या शाळेत अगदी हेच व्हायचं.

मोजणं, खुणा करणं हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या मते खरा गोंधळ जमवलेली माहिती कोणत्या रकान्यांत मांडायची याचा असतो आणि तो मुलांनीच सोडवायला हवा.

आम्ही गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळं-भाज्या-फुलांची चौकट, हा विषय घ्यायचो. घरच्या माटोळीला काय काय बांधलं होतं ते घरी विचारायचं आणि दर वस्तूची एक चिठ्ठी करून तिच्यावर चित्र काढायचं. सगळ्या चिठ्ठ्या वर्गात जमिनीवर ओतल्या की वाद सुरू. शहाळं आणि नारळ एकाच ढिगात का? निरफणस फळ म्हणायचं की भाजी, त्याची तर कापं करतात! केळ्यांचा घड एक धरायचा की त्यातली केळी मोजायची? हा वाद तोडू नका. कशाला एक म्हणायचं आणि काय कशासोबत ठेवायचं हे ठरवण्यातच मुलं शिकतात. त्यानंतर तक्ता आखायला फारसा वेळ लागत नाही.

एका वर्षी मात्र एका कार्यालयाकडून छापील नमुना आला. फळे, भाज्या, फुले असे तीनच रकाने, खाली स्तंभालेखाच्या चौकटी, आणि भरलेल्या कागदांचे फोटो ठरलेल्या तारखेच्या आत पाठवायचे. सुपारी कुठे घालायची, असं मुलांनी विचारलं. एक रकाना वाढवू का म्हणून मी फोन केला, तर 'नमुन्यात बदल चालणार नाही, वरून आलंय.' मुदत गाठायची म्हणून सगळ्यांनी फळ्यावरचं उतरवलं. कागद एकसारखे आले, त्याबद्दल कौतुकही झालं. सुपारीचा घोस घरोघरच्या माटोळीला होता, आमच्या माहितीत मात्र कुठेच नव्हता. पुढच्या इयत्तेत कोरा कागद दिला की तीच मुलं 'सर, रकाने सांगा' म्हणून बसून राहायची. ती सवय मोडण्यात बरंचसं वर्ष गेलं. याचा राग मला अजून आहे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत शिक्षणाच्या अभियानाच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत माहिती हाताळणं हा पायाभूत संख्याज्ञानाचाच भाग धरलाय. मुलाच्या हातातून ठरवणंच काढून घेतलं, तर मुलाने हाताळायचं काय?

तेव्हा सुरुवातीला कोरा कागद आणि छोटा प्रश्न द्या. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, कुठला पाव घेतला, पोळी, उंडो की कांकण? कोणीतरी 'आम्ही काहीच घेतलं नाही' म्हणेल. त्याची चिठ्ठी कुठे ठेवायची ते वर्गालाच विचारा. ती गाळली तर चिठ्ठ्या आणि हजेरी जुळणार नाहीत आणि हे मुलांच्याच लक्षात येतं. विचारून झालेल्याच्या नावापुढे खूण करायला लावा, नाहीतर मित्राला दोनदा विचारतात आणि कोपऱ्यातली मुलगी राहून जाते.

चिठ्ठ्या एकाच मापाच्या हव्यात आणि सगळ्या रांगा एकाच रेषेपासून सुरू व्हायला हव्यात. भोपळ्याची चिठ्ठी मोठी झाली की रांग लांब दिसते आणि मुलं 'भोपळे जास्त' म्हणतात. पाचाच्या जुडीच्या खुणांची (चार उभ्या रेघा आणि त्यांवर पाचवी आडवी) घाई नको. पाच-पाचच्या टप्प्याने मोजता येत नाही तोवर त्या खुणा म्हणजे नुसती नक्षी. स्तंभालेख तर मी तिसरीच्या आधी काढूच देत नाही. यावर मतभेद असतील, पण मी ठाम आहे.

माझा अनुभव कमी पटाच्या, एकत्र बसणाऱ्या इयत्तांचा आहे. तुमचा वर्ग मोठा असेल तर गट करावे लागतील, त्याबद्दल इथल्या इतरांनी सांगावं.

आणि चिठ्ठ्या वहीच्या कागदाच्या करू नका, पंखा लावला की सगळे ढीग उडतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद चांगला.