फॉरवर्ड केलेल्या कॉलवर नंबर कोणाचा दिसतो?

मालवणच्या होमस्टेचा मोबाईल नंबर पुण्यातल्या मोबाईलवर वळवलाय आणि स्क्रीनवर होमस्टेचा नंबर न येता थेट गिऱ्हाईकाचा येतो, सेटिंग चुकलंय का, असं विचारलंय तुम्ही. नाही हो, काही चुकलेलं नाही, असंच यायला हवं.

कॉल तुमचा हँडसेट वळवत नाही, नेटवर्क वळवतं. म्हणून तर पावसात दोन दिवस लाईट गेली, फोन बंद होऊन फळीवर पडला तरी कॉल पुण्यात वाजतोच. आणि नेटवर्क पुढे पाठवताना मूळ कॉल करणाऱ्याचा नंबर तसाच ठेवतं, 'हा अमुक नंबरवरून वळवलाय' ही नोंद वेगळी जोडतं, पण ती हँडसेट दाखवेलच असं नाही, काही फोनवर नुसतं 'फॉरवर्डेड कॉल' येतं, बऱ्याच फोनवर तेही नाही. नाव मात्र तुमच्या पुण्याच्या फोनमधूनच येणार, आईने तिकडे 'बाबी मासेवाला' सेव्ह केला असला तरी तुम्हाला दिसणार दहा आकडे!

ऑफिसच्या ईपीएबीएक्सचं, म्हणजे आतले फोन बाहेरच्या लाईनींशी जोडणाऱ्या बोर्डाचं, वेगळं. मी रत्नागिरीत ही कामं करतो, एका हॉटेलवाल्याला रात्री सारखा आपल्याच हॉटेलचा कॉल यायचा, घाबरला बिचारा. तिथे बोर्ड एका लाईनवर कॉल घेतो, दुसऱ्या लाईनवरून नवीन कॉल लावतो आणि दोन्ही जोडतो, मग नंबर त्या दुसऱ्या लाईनचाच दिसणार ना.

खरी अडचण उलटी आहे. मिस्ड कॉल बघून तुम्ही परत फोन लावलात की गिऱ्हाईकाला तुमचा पुण्याचा नंबर दिसतो, आणि अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतं. मी सांगेन सरळ होमस्टेचं सिम पुण्याच्या फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका, फॉरवर्डिंगच नको. मालवण ते पुणे या तुकड्याचे पैसेही होमस्टेच्या नंबरलाच लागतात, तुमच्या प्लॅनमध्ये फ्री आहे का ते विचारा.

सिम तिकडेच हवं असेल तर फक्त नॉट रीचेबलवर लावा, **६२* मग पुण्याचा नंबर मग #. सगळं काढायला ##००२#. आणि आईला बजावून ठेवा, कोणी फोनवर *४०१* ने सुरू होणारं काही डायल करायला सांगितलं तर करू नको, चोर कॉल स्वतःकडे वळवून ओटीपी ऐकतात, याच भानगडीमुळे १५ एप्रिल २०२४ पासून सरकारने त्या कोडचं फॉरवर्डिंग बंद करायला लावलं होतं.