शिल्प की दागिने?

प्रश्न : शिल्पकलेची पदवी घेऊन काही वर्षं झाली. ब्राँझमध्ये काम करते, पण मोठी कामं क्वचितच मिळतात. सध्या घर चालतं ते चांदीच्या दागिन्यांवर. गॅलरीला पाठवायच्या परिचयात दागिन्यांचा उल्लेख करू का? शिल्पकार म्हणून मला कमी लेखतील, अशी धास्ती वाटते.

उत्तर : खुशाल करा, आणि तोही कोपऱ्यात नको. अलेक्झांडर काल्डर म्हटलं की हवेत डोलणारी ‘मोबाइल’ शिल्पं आठवतात. त्याच काल्डरने हयातभरात सुमारे १८०० दागिने घडवले! पितळेची तार ठोकून चपटी करायची, वेटोळी वळवायची आणि झाळकाम टाळून तारेनंच नाहीतर रिव्हेटनं, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यानं, जोड द्यायचा. १९४२ साली कलासंग्राहक पेगी गुगनहाइम न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या गॅलरीच्या उद्घाटनाला एका कानात काल्डरचं आणि दुसऱ्या कानात चित्रकार इव्ह तांगीचं कानातलं घालून आल्या होत्या. शिल्पकार हॅरी बर्टोया दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई झाली तेव्हा दागिन्यांकडे वळला. त्याची नाद करणारी धातूची शिल्पं पुढची. पोटासाठी दागिने करते, हे सांगायला लाजायचं काय?

मात्र दागिना म्हणजे शिल्पाची धाकटी प्रतिकृती नव्हे. मेणात घडवायचं, साच्यात धातू ओतायचा, ही रीत दोन्हीकडे तीच. पण शिल्पाचा भार चौथरा पेलतो, कानातल्याचा कानाची पाळी. आकार देखणा असूनही वजन पुढे गेलं तर कानातलं मान टाकतं. म्हणून मी मेणातच पाठ कोरून पोकळ करते आणि दांडी मध्यापेक्षा जरा वर बसवते. दागिन्याची मागची बाजू अंगाला घासते, त्यामुळे तिथं कानस आणि पॉलिश पेपर चुकत नाही. या सवयीमुळे मी शिल्पांच्या पाठीकडेही नीट बघू लागले. पूर्वी ती भिंतीकडे करून मोकळी व्हायचे.

परिचयात सरसकट सगळं कोंबू नका. अंगठी सैल करून देणं, तुटलेली कडी जोडणं ही कामं पैसे देतात, पण ती तिथं नकोत. स्वतःच्या कल्पनेचे मोजकेच दागिने निवडा आणि शिल्पांशेजारी ठेवा. एका साच्यातून किती नग काढणार हे आधीच ठरवून प्रत्येकावर क्रमांक घाला. फोटो अंगावर घातलेल्या दागिन्याचा हवा; नुसत्या पांढऱ्या कागदावर त्याचं माप कळत नाही.