पोर्टफोलिओबद्दल थोडं स्पष्टच

तुझा प्रॉडक्ट डिझाइनचा पोर्टफोलिओ पाहिला. 'लहानपणापासून चित्रकलेची आवड' यात दोन पानं गेलीत. ती चार ओळींत आण. वडिलांचं रबाळे एमआयडीसीत वर्कशॉप, सुट्टीत तू लेथजवळ उभी असायचीस, हे मात्र कुठेच नाही! अगं, तीच तर तुझी खरी ओळख.

प्रोजेक्ट आठ नकोत, तीन पुरे. भाजीच्या हातगाडीचा पहिला ठेव. कॉम्प्युटरवर बनवलेली चकचकीत चित्रं (रेंडर) सगळेच दाखवतात. घणसोली स्टेशनबाहेर उभं राहून तू काय टिपलंस, पुठ्ठ्याचं मॉडेल कुठे मोडलं, भाजीवाल्या मावशींनी कशाला नाक मुरडलं, ते दाखव. फोटो अंधुक असले तरी चालतील. ती डबल डायमंडची, म्हणजे डिझाइनचे टप्पे दोन हिऱ्यांत दाखवणारी आकृती मात्र काढून टाक, कंटाळा आलाय तिचा.

जेवणाच्या डब्याखाली नुसतं 'एबीएस प्लास्टिक' लिहिलंयस. पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लास्टिक का नाही, हे कुणीतरी विचारणारच. शिवाय इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भाग बनवताना, भिंतीची जाडी शक्यतो सगळीकडे सारखी हवी, अशा डब्याला साधारण 2 मिमी. एखाद्या जागी जास्त झाली की थंड होताना तिथे पृष्ठभाग आत खचतो. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून उभ्या भिंतींना निदान अर्धा-एक अंश ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, लागतो. तुझ्या ड्रॉइंगमध्ये त्या काटकोनात सरळ उभ्या आहेत. बाबांच्या ओळखीत कुणी मोल्डर असेलच, त्याला ड्रॉइंग दाखव. तो जे बोलेल तेही पोर्टफोलिओत घाल.

गटातल्या प्रोजेक्टमध्ये तुझा वाटा किती, तो खरा लिही. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.