उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवायची का? सोलापूरकरांचे प्रश्न

मार्च सरला की हवेबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदा आलेल्यांपैकी काही इथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचं चुकीचं उत्तर हायवेवर जिवावर बेतू शकतं.

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब कारने पुण्याला जातो. नेहमीचे पंक्चरवाले काका म्हणतात, “उन्हाळा हाय, हवा फुगती. तेहतीसच्या जागी अठ्ठावीसच ठेवू.” मिस्टरांनाही ते पटतं. मला मात्र भीती वाटते. खरं काय?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

ताई, हवा कमी करून निघू नका. काकांच्या बोलण्यातली एक गोष्ट खरी आहे. गरम झाली की हवा प्रसरण पावते आणि टायरमधला दाब वाढतो. पण ही वाढ गाडी बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जे स्टिकर दिसतं, त्यावरचा ३३ चा आकडा थंड टायरचा आहे. सकाळी २७ अंश तापमानाला भरलेले ३३ पॉइंट (पॉइंट म्हणजेच पीएसआय, दाब मोजायचं एकक) दुपारी ४२ अंशाला, गाडी जागची हललेली नसतानाही, ३५ च्या वर दिसतात. इंदापूरपर्यंत गाडी पळवली की ३७-३८ दिसतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टायर एवढा दाब आरामात सोसतो.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे, किंवा आधी खड्ड्यात आपटून आतून दुखावलेला असल्यामुळे. हवा कमी असली की टायर जमिनीला टेकतो तिथे त्याची बाजू जास्त दबते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १०० च्या वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा घडतं. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती जागा चटका बसेल इतकी तापते, तसंच इथे रबराचं आणि आतल्या धाग्यांचं होतं. ही उष्णता आतून तयार होते. बाहेरून डांबरी रस्ता तापलेला, त्यामुळे ती निघून जायलाही वाव नाही. थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मोडनिंब-टेंभुर्णीच्या सरळ पट्ट्यात, गाडी पूर्ण वेगात असताना, टायरची बाजू फाटते. म्हणजे उन्हाळा हे हवा कमी करण्याचं कारण नाहीच. उलट याच दिवसांत ती कमी असणं सगळ्यात जास्त धोक्याचं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. हवा सकाळी, गाडी काढण्याआधी तपासायची. गाडी किमान तीन तास उभी असली किंवा दोन-तीन किलोमीटरच चालली असली, तर टायर थंड समजायचा. पेट्रोल पंप लांब असेल तर घरी स्वतःचा गेज ठेवा, फार महाग नसतो. घरी थंड टायरला २९ दिसले, म्हणजे ४ कमी आहेत हे लिहून ठेवा. पंपावर पोचेपर्यंत तोच टायर ३१ दाखवेल. तिथे ३३ वर थांबू नका, ४ पॉइंट घालून ३५ करा. थंड झाल्यावर तो ३३ वर येईल.

चार माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा आहे का बघा. असेल तर तोच पाळा. मागच्या चाकांना तो बहुधा जास्त असतो.

आणि वाटेत चहाला थांबल्यावर कुणी हवा मोजून “लई वाढलीय, काढू का?” असं विचारलं तर नको म्हणा. तापलेल्या टायरमधून काढलेले चार पॉइंट दुसऱ्या दिवशी सकाळी कमी पडतात आणि परतीचा प्रवास तुम्ही कमी हवेवर करता.

टायरवरच ५१ पीएसआय असं कोरलेलं आहे. मग ३३ का भरायचे? ५१ नाही तरी ४५ भरले तर ॲव्हरेज वाढेल ना?
— एक वाचक, विजापूर रोड

टायरवरचा आकडा कमालमर्यादेचा आहे. त्या टायरने किती सोसायचं, एवढंच तो सांगतो. तोच टायर हलक्या गाडीला बसतो आणि जड गाडीलाही. तुमच्या गाडीचं वजन, सस्पेन्शन आणि ब्रेक यांचा हिशेब फक्त गाडीच्या स्टिकरवर असतो. ४५ भरलेत तर टायरचा मधला पट्टाच रस्त्याला नीट टेकेल, ब्रेक लागायला जास्त अंतर लागेल आणि प्रत्येक खड्डा रिमपर्यंत पोचेल.

ॲव्हरेजचं म्हणाल, तर हवा कमी असेल तेव्हाच तिचा फरक कळतो. चारही टायर ५ पॉइंटने कमी असतील तर इंधन साधारण १ टक्का जास्त जातं. पण ठरलेल्या आकड्याच्या वर १२ पॉइंट नेऊन जे काही वाचेल, त्याच्या बदल्यात ब्रेकवरचा भरवसा देऊ नका.

काही गाड्यांच्या स्टिकरवर पीएसआय नसतं. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि २३० किलोपास्कल म्हणजे ३३ पीएसआय, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला आहे. रोज एकटा बाइकवर, पण गुरुवारी बायको आणि मुलीला घेऊन अक्कलकोटला जातो. हवा एकच ठेवली तर चालेल का? मागचा टायर मधोमध झिजतोय, म्हणजे हवा जास्त आहे का?
— एक कामगार

दादा, चेनकव्हरवर किंवा चेनजवळच्या पट्टीवर स्टिकर असतं. त्यावर मागच्या चाकाचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि मागे माणूस असताना. पुढचा आकडा बहुतेक गाड्यांना एकच असतो. या दोन आकड्यांत बराच फरक असतो, कारण मागे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं. तेव्हा बुधवारी रात्री किंवा गुरुवारी सकाळी मागची हवा वरच्या आकड्यावर न्या आणि शुक्रवारी परत खाली आणा. रोज रोज बदलणं जमणार नसेल आणि आठवड्यातून तीन-चार वेळा मागे कुणी बसत असेल, तर वरचा आकडा कायम ठेवा. एकटे असाल तेव्हा गाडी थोडी कडक लागेल, तेवढंच.

मधोमध झिजण्याचं उत्तर कारसारखं सरळ नाही. कारचा टायर मध्ये झिजला तर हवा जास्त आणि दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, असं बरंचसं खात्रीने म्हणता येतं. बाइकचा टायर गोलसर असतो आणि आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो, त्यामुळे तो मध्येच आधी झिजणार. हवा बरोबर आहे की नाही हे गेज लावून बघा. टायरच्या खोबणीत जे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की टायर बदला.

नायट्रोजन भरावा का?
— एक वाचक, सात रस्ता

आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, एवढाच त्याचा फायदा. उन्हात तोसुद्धा साध्या हवेइतकाच प्रसरण पावतो. फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. पण “नायट्रोजन आहे, बघायची गरज नाही” म्हणून तीन-तीन महिने गेज न लावणारे मी पाहतो आणि तिथे मला काळजी वाटते. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये प्रवासात साधी हवा घातली तरी काही बिघडत नाही.

माझा सहाचाकी टेम्पो आहे. टॉवेल आणि चादरीच्या गाठी घेऊन हैदराबादला जातो, बऱ्याचदा रिकामा परततो. रिकामी गाडी मागून उडते. मागची हवा कमी केली तर चालेल का? ड्रायव्हर टॉमी (लोखंडी दांडा) मारून हवा बघतो, ते पुरेसं आहे का?
— एक टेम्पोमालक, अशोक चौक

टॉमीपासून सुरुवात करतो. टॉमी मारल्यावर पूर्ण बसलेला टायर “भद्द” वाजतो आणि भरलेला “टण्ण”. एवढा फरक कुणालाही कळतो. पण वीस टक्के हवा कमी असलेला टायरही टण्णच वाजतो आणि नुकसान नेमकं तिथून सुरू होतं. मागे जोडटायर आहेत. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून तो कुणी तपासत नाही. आतला बसला की त्याचं ओझं बाहेरचा उचलतो आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. पुढे कधीतरी बाहेरचा फुटतो आणि दोष टायरच्या कंपनीला जातो. व्हॉल्व्हला एक्स्टेंशन बसवून घ्या, म्हणजे आतल्यालाही बाहेरून गेज लागेल. जोडीतल्या दोन्ही टायरांची हवा सारखी हवी आणि झीजही जवळपास सारखी हवी.

रिकाम्या परतीसाठी हवा कमी करणं कागदावर बरोबर आहे, रिकाम्या गाडीचा आकडा दिला असेल तर तो वापरता येतो. पण पुढचा माल भरताना ती परत वाढवायची राहून जाते, आणि गाठींनी भरलेली गाडी कमी हवेवर उमरगा-जहीराबाद मार्गाला लागते. तेव्हा माझं मत असं की हवा तशीच राहू द्या आणि रिकाम्या गाडीचा वेग कमी ठेवा. पावसात तर नक्कीच, कारण कडक टायर आणि हलकी मागची बाजू यांमुळे चाकं लवकर घसरतात.

हवा वाढवली म्हणजे जास्त माल चालतो, हेही डोक्यातून काढा. टायर किती किलो पेलेल हे त्याच्या बाजूवर कोरलेलं असतं. त्यापुढचं ओझं हवेने पेलत नाही.

एक गोष्ट ड्रायव्हरला आजच सांगा. एखादा टायर बसलेल्या अवस्थेत काही अंतर चालला असेल, तर जागेवरच हवा मारून पुढे जायचं नाही. आतल्या तारा दुखावलेल्या असतात आणि हवा भरताना बाजू फाटून समोर बसलेला माणूस मरू शकतो. टायर उतरवून आतून तपासायचा, मगच भरायचा. भरताना नोझल लावून बाजूला उभं राहायचं, टायरच्या समोर बसायचं नाही.

एकाच चाकाची हवा आठ दिवसांत पाच-सहा पॉइंट उतरते. पंक्चर सापडत नाही. डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा सकाळी लागतो आणि नंतर विझतो.
— एक शेतकरी, मंगळवेढा

चांगल्या टायरची हवासुद्धा महिन्याला एखादा पॉइंट उतरते. आठवड्याला पाच-सहा म्हणजे गळती आहे. तुमच्याकडे पहिला संशय बाभळीच्या काट्यावर. तो टायरमध्ये शिरतो, बाहेरचं टोक मोडून झिजतं आणि आत उरलेला तुकडाच भोक जवळजवळ बुजवून ठेवतो. हवा थेंबाथेंबाने गळते. अशा वेळी चाक काढून पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवायला सांगा आणि एक-दोन मिनिटं नजर ठेवा. बारीक बुडबुडे धीराने बघितले तरच दिसतात. तिथे काही नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. फुगा धरला तर पिन बदला, काही रुपयांचं काम आहे. तिथेही नसेल तर रिमच्या कडेला गंज किंवा ठोकर असेल.

दिवा सकाळी लागतो, कारण रात्रीच्या गारव्यात दाब सगळ्यात कमी असतो. गाडी चालून टायर तापला की दाब वाढतो आणि दिवा विझतो. तो विझला म्हणजे हवा पुरेशी झाली असं नाही. बहुतेक गाड्यांत हा दिवा २०-२५ टक्के हवा गेल्यावरच लागतो. तोवर वाट बघू नका.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात किती हवा ठेवावी? शेतात एक सांगतात, ऊस वाहताना दुसरं.
— एक ऊस उत्पादक, मोहोळ

दोन्ही बरोबर. शेतात हवा कमी ठेवली की टायर पसरतो, चाक कमी घसरतं आणि काळी जमीन कमी दबते. बऱ्याच ट्रॅक्टरांना मागे साधारण १२ ते १४ पॉइंट पुरतात, नक्की आकडा पुस्तिकेत बघा. कारखान्याला ट्रॉली ओढताना हवा पुस्तिकेतल्या रस्त्याच्या आकड्यापर्यंत वाढवा, नाहीतर डांबरावर रबर झपाट्याने जातं. ट्रॉलीच्या टायरांचा दाब ट्रॅक्टरपेक्षा खूप जास्त असतो, तो वेगळा बघायचा. हंगामात रोज सकाळी बघा.

स्टेपनीत किती हवा ठेवावी?
— एक विद्यार्थिनी, होटगी रोड

चार चाकांसारखीच स्टेपनी असेल तर स्टिकरवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्त ठेवा. लावताना हवी तेवढी काढता येते. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिचा आकडा वेगळा असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि तो तिच्या बाजूवरच लिहिलेला असतो. ती लावल्यावर ताशी ८० च्या पुढे जायचं नाही.

२०२० मध्ये नियम बदलल्यापासून काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचं किट येतं. तुमच्या गाडीत तसं असेल तर डिकीतला कॉम्प्रेसर एकदा घरासमोर चालवून बघा आणि द्रवाच्या बाटलीवर छापलेली मुदत तपासा. ती संपली असेल तर बाटली बदलून घ्या.