पत्रकार अरुण शौरींचं आंबेडकरांवरचं पुस्तक मला पटत नाही, पण ते मानणाऱ्या मामांचा अपमानही करायचा नाही. वाद कसा घालावा?

तुमचे मामा म्हणतात, आंबेडकर घटनेचे शिल्पकार नव्हते हे शौरींनी १९९७ च्या पुस्तकात पुराव्यानिशी दाखवलंय. मला स्वतःला ते पुस्तक मनापासून अमान्य आहे. तरी सांगतो, आधी त्यातलं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करा. ‘चले जाव’च्या काळात, १९४२ पासून, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, म्हणजे इंग्रज सरकारात, होते. घटनेचा पहिला कच्चा मसुदा घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी केला. यात लपवण्यासारखं काही नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच राव आणि मसुदा लिहिणारे अधिकारी एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिलं, काँग्रेसच्या शिस्तीलाही दिलं.

शौरींच्या हेतूवर मात्र जाऊ नका. मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण बाहेर काढणारे हेच. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात होते आणि २०१८ मध्ये राफेलवरून मोदी सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयातही गेले. अशा माणसाला ‘विकला गेला’ म्हणालात, तर मामा त्यांच्या प्रामाणिकपणाचा बचाव करत बसतील (आणि त्यांचं चूकही नसेल), पण घटनेचा विषय तिथेच सुटेल.

आता मतभेद. रावांच्या मसुद्यात २४३ कलमं होती, अंतिम घटनेत ३९५. मधल्या काळात घटना समितीच्या सभेत २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांना उत्तर द्यायला, कुठली घ्यायची आणि कुठली का नाही हे समजावून सांगायला मुख्यतः मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर उभे राहत, आणि तेही तब्येत साथ देत नसताना. ५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीचे सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी सभेत काय म्हणाले ते मामांना वाचायला द्या. मसुदा समितीच्या सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभाराच्या कामात, एकदोघे दिल्लीपासून लांब, आणि शेवटी सगळा भार आंबेडकरांवर पडला. बोलणारा माणूस आंबेडकरांचा अनुयायी नव्हता.

त्याहून मोठा मतभेद स्वातंत्र्यलढ्याबद्दल आहे. इंग्रजांविरुद्ध कोण उभं होतं, या एकाच मापाने शौरी सगळ्यांना मोजतात. महाडला १९२७ मध्ये हजारो माणसं सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायला गेली, तेव्हा त्यांना अडवणारे, मारणारे इंग्रज नव्हते, शेजारपाजारचेच लोक होते. त्या माणसांच्या नेत्याने ‘उद्या सत्ता कुणाच्या हाती जाणार?’ असं विचारलं, तर त्याला देशविरोधी ठरवणं मला अन्याय वाटतो. हे मामांना अगदी याच शब्दांत सांगा, आवाज न चढवता. आणि शक्यतो दोघंच असताना सांगा, कारण भाच्यांसमोर, जावयांसमोर वडीलधाऱ्यांना माघार घेणं जड जातं.

ते म्हणतील, काँग्रेसने उपकार म्हणून आंबेडकरांना घटना समितीत घेतलं. फाळणीमुळे त्यांची घटना समितीतली बंगालमधली जागा गेल्यावर ३० जून १९४७ ला घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं: आंबेडकरांना तातडीने निवडून पाठवा, घटना समितीत त्यांचं काम फार मोलाचं ठरलं आहे. तोवर मसुदा समिती नेमलीसुद्धा गेली नव्हती. या पत्राचं काय करायचं, हे मामांनाच विचारा.