अमेरिकेत इतिहासात पीएच.डी. करताना दोन परकीय भाषांची अट कशी पूर्ण करायची? मराठी धरतात का?

तुमच्या प्रश्नावरून जे कळलं ते असं: पुण्यात एम.ए. झालंय, ऑगस्टमध्ये निघताय, विषय १७३७ ते १७३९ची वसईची मोहीम आणि तिच्या आधीचं उत्तर कोकण. विभागाच्या नियमावलीत 'दोन परकीय भाषांचं वाचनापुरतं ज्ञान' ही ओळ वाचून झोप उडालीय. एका सीनियरने फ्रेंच आणि जर्मन घे म्हणून सांगितलंय, कारण 'सगळे तेच घेतात'. मी उत्तर कोकणातल्या मिठागरांवर तिकडेच पीएच.डी. केली, त्यामुळे रस्ता ओळखीचा आहे.

वाचनापुरतं म्हणजे अक्षरशः वाचनापुरतंच. तोंडी परीक्षा नाही, निबंध नाही. बहुतेक विभागांत एखाद्या इतिहासाच्या पुस्तकातलं पान-दीड पान देतात, दोनेक तास देतात, छापील शब्दकोश जवळ ठेवू देतात आणि इंग्रजीत भाषांतर मागतात. तपासतो विभागातलाच एखादा प्राध्यापक. त्याला डौलदार इंग्रजी नको असतं, कोणी कोणाला काय केलं हे उलटसुलट झालेलं नसलं की पुरे. नापास झालात तर पुन्हा बसता येतं. काही ठिकाणी परीक्षेऐवजी 'रीडिंग फ्रेंच' वगैरे नावाचा एका सत्राचा वर्ग ठरावीक श्रेणीत पार केला तरी चालतं. मात्र कॉम्प्सच्या, म्हणजे प्रबंधाआधीच्या सर्वंकष परीक्षेच्या, आधी हे उरकलेलं असावं असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. तिसऱ्या वर्षी शंभरेक पुस्तकांच्या याद्या डोक्यावर असताना क्रियापदं पाठ करत बसणारे मी पाहिलेत. त्यांच्यात जाऊ नका.

आता फ्रेंच-जर्मन. ही जोडी १९व्या शतकाचा वारसा आहे. १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स सुरू झालं ते जर्मन विद्यापीठांचा कित्ता गिरवत, आणि तिथून पसरलेल्या पीएच.डी.च्या साच्यात या दोन भाषा आपसूक आल्या. युरोपवर काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग आहेच. वसईवर काम करणाऱ्याने जर्मन घेणं म्हणजे निव्वळ खूण करून मोकळं होणं. तुमची कागदपत्रं ज्या भाषेत आहेत तीच भाषा घ्या. पोर्तुगीज. यात मला दुसरा पर्यायच दिसत नाही. मोहिमेची एक बाजू पेशवे दफ्तरात आहे, दुसरी पणजीच्या आणि लिस्बनच्या दफ्तरखान्यांत.

मराठी धरतात का? पुष्कळ विभाग धरतात, पण आपोआप नाही. अट 'परकीय' भाषेची असली तरी तिचा अर्थ बहुधा 'इंग्रजीखेरीज संशोधनाला लागणारी भाषा' असा लावतात. काही विभाग मात्र मातृभाषा मोजत नाहीत. म्हणून डिरेक्टर ऑफ ग्रॅज्युएट स्टडीजना, म्हणजे विभागात पीएच.डी.चं कामकाज बघणाऱ्या प्राध्यापकांना, आत्ताच मेल टाका आणि नुसतं 'मराठी माझी मातृभाषा आहे' असं लिहू नका. लिहा की प्रबंधाची मुख्य साधनं १८व्या शतकातल्या मराठीत, मोडी लिपीत आहेत आणि परीक्षा द्यायला मी तयार आहे. तपासणारं कोणी विभागात नसेल तर दुसऱ्या विद्यापीठातला मराठी जाणणारा प्राध्यापक चालेल का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच असते. उत्तर लेखी घ्या, कारण ही पदं दर दोन-तीन वर्षांनी फिरतात आणि आधीच्याने तोंडी दिलेला शब्द नव्याला ठाऊक नसतो.

होकार आला तर मराठी आणि पोर्तुगीज, विषय संपला. नकार आला तर दुसरी भाषा फार्सी घ्या असं मी म्हणेन. पोर्तुगीजनंतर फ्रेंच पटकन येते हे खरं, आणि नुसती अट फेडायची तर तोच जवळचा रस्ता. पण मराठेशाहीच्या कागदांत फार्सी इतकी मुरलेली आहे की तिच्या व्याकरणाचे चार नियम कळले तरी मराठी पत्रांचे मायने आणि महसुलाचे शब्द नीट उलगडतात. शिवाय पुढे नोकरीच्या मुलाखतीत फार्सी येणाऱ्या मराठा-अभ्यासकाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. वेळ मात्र लागतो, दोन वर्षं धरून चाला. पोर्तुगीजची परीक्षा एक सत्र आणि एक उन्हाळा एवढ्यात निघू शकते.

पैशांचं एक सांगून ठेवते. तिकडे गेल्यावर भाषेसाठी फ्लास या अमेरिकन सरकारी फेलोशिपचं नाव कानावर पडेल. ती अमेरिकन नागरिकांसाठी आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठीच ठेवलेली, तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असणार. उन्हाळी वर्गासाठी विभागाचा किंवा विद्यापीठाचा स्वतःचा निधी असतो, तो मागा.

तयारी. रोजच्या बोलण्याचे ॲप ठीक आहेत, पण परीक्षेत 'कॉफी मिळेल का' येत नाही. मराठीत आलेल्या चावी, बटाटा, पगार या पोर्तुगीज शब्दांच्या जोरावरही पेपर सुटत नाही. व्याकरणाचं एक पातळ पुस्तक घ्या आणि अनियमित क्रियापदांचे भूतकाळ आधी घोटा, कारण शब्दकोश तिथेच दगा देतो. 'फोय' हे एकच रूप 'होता' आणि 'गेला' दोन्हींचं आहे. 'वेयु' म्हणजे 'आला', पण शब्दकोशात ते 'वीर' या मूळ रूपाखाली बसलेलं असतं. मूळ रूप माहीत नसेल तर पानं उलटण्यातच वेळ जातो. माझ्या पेपरात गोव्याच्या मिझरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेच्या हिशोबांवरचं पान होतं, त्यातलं एक वाक्य निम्मं पान खात होतं. अशा वेळी कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधून अधोरेखित करायचं, मग बाकीचे तुकडे त्यांना जोडायचे. डावीकडून उजवीकडे शब्दाला शब्द लावत गेलात की फसलात.

सरावाला पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५३ ते १९५७ दरम्यान पाच खंडांत छापलेले गोव्याच्या राज्यमंडळाचे ठराव वापरा. शेवटच्या खंडात तुमचीच वर्षं आहेत. वसई हातची जात असताना व्हाइसरॉयच्या मंडळात काय बोलणं चाललं होतं ते वाचताना कंटाळा येणार नाही, आणि भाषा रटाळ सरकारी असल्यामुळे तेच ते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. रोज अर्धं पान, वहीत लिहून. निघायच्या आधी पणजीला जमलं तर कामोइंश केंद्रात चौकशी करा. पोर्तुगीज शिकवणारे तिथे सहज भेटतात.

मात्र परीक्षा पास झाल्यावर लगेच दफ्तर वाचता येईल अशा समजात राहू नका. पणजीला मी पहिली बांधणी उघडली तेव्हा शाईने कागद जागोजाग खाल्लेला होता, आणि लेखनिकाने अर्धे शब्द छाटलेले. रोमन क्यूवर आडवी रेघ मारली की झाला 'के' (que) हा अख्खा शब्द, पदव्या तर दोन अक्षरांत उरकलेल्या. छापील पोर्तुगीज येत असूनही सुरुवातीला दिवसाला एखादं पान हलायचं. मोडी येत असेल तर हे दुखणं तुम्हाला नवं नाही: तिथेही दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि अंदाजाने पुढे जावं लागतं. मोडी अजून येत नसेल तर निघण्यापूर्वी पुण्यात वर्ग लावा. विभाग ती मोजणार नाही, लिपीला भाषेचे गुण नसतात, पण मराठीची परीक्षा देतो म्हणून मेल करणार असाल तर मोडीतलं पत्र समोर ठेवल्यावर ते वाचता यायला हवं.