'पेशीबाह्य आधारक' चालेल, पण त्याला क्रियापद द्या

प्रश्न असा आला आहे: 'फुप्फुसाच्या कर्करोगावरचा एक लेख मराठीत आणतोय. एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्ससाठी बाह्यपेशीय आधारक चालेल का? आधारक फार निर्जीव वाटतो, टेकू लावल्यासारखा. आणि इन्व्हेजन म्हणजे प्रसार की आक्रमण? माझं वाक्य आहे: कर्कपेशी बाह्यपेशीय आधारकाचा नाश करून प्रसार पावतात.'

एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणजे पेशींच्या बाहेर, त्यांच्या अवतीभवती असलेलं धाग्यांचं जाळं. सोपं ते आधी उरकतो. 'बाह्यपेशीय' नको, त्यातून बाहेरच्या पेशींचा, असाही अर्थ निघतो. आपण 'शालाबाह्य मुलं' म्हणतो, 'बाह्यशालेय' म्हणत नाही. तसं 'पेशीबाह्य'. (समोर हिंदी मजकूरही ठेवला असेल तर जपून. त्यांची पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपली पेशी ती त्यांची कोशिका.)

'आधारक' मात्र ठेवा. संयोजी ऊतींच्या धड्यात तो बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो. मॅट्रिक्सच्या मुळाशी लॅटिन 'मातेर' आहे, म्हणजे आई, आणि त्याचा जुना अर्थ गर्भाशय. म्हणून मलाही एकदा 'मातृका'चा मोह झाला होता. पण मातृका म्हटलं की वेरूळच्या लेण्यातल्या सप्तमातृका डोळ्यांपुढे येतात, तेव्हा तो नाद सोडला. शिवाय आधारकातला शेवटचा 'क' पाहा: चालक, पालक, मारक. सगळे काहीतरी करणारे. निर्जीव शब्द नाही, निर्जीव तुमचं वाक्य आहे. त्यात जे काही करायचं ते कर्कपेशीच करते, आधारक बिचारा नुसता नष्ट होतो.

प्रत्यक्षात काय होतं? वायुकोशाच्या अस्तराखाली एक अतिशय पातळ पटल असतं, मुख्यतः लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजेन या प्रथिनांचं. त्यापलीकडे कोलॅजेन-इलॅस्टिनचे धागे. त्यांच्या जोरावर फुप्फुस फुगतं आणि पुन्हा बसतं. कर्कपेशी एमएमपी नावाची एन्झाइम्स वापरून हे पटल कातरते. इथवर तुमचं 'नाश करून' बरोबर. पण त्याच वेळी गाठीभोवतीच्या फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलॅजेन विणत असतात आणि लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्या धाग्यांना एकमेकांत टाके घालत असतं. विण घट्ट होते, जागा कडक होते. पेशी हा कडकपणा इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी चाचपते आणि त्यावरून आत चालीचे इशारे जातात. कातरलेल्या लॅमिनिनचे काही तुकडेसुद्धा पेशीला 'हल' म्हणून सांगतात. म्हणजे उसवणं आणि विणणं दोन्ही चालू, आणि दोन्हींचा फायदा घुसणाऱ्यालाच.

नुसत्या 'नाश' या कल्पनेची किंमतही मोजून झाली आहे. कातरणारी एन्झाइम्स बंद केली की घुसखोरी थांबेल, या आशेवर प्रिनोमास्टॅट हे औषध फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगात केमोथेरपीसोबत देऊन पाहिलं. रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. कारणं बरीच सांगतात. एक असं, की काही पेशी काहीही न कातरता धाग्यांमधल्या फटींतून अंग चोरून निसटतात.

आता इन्व्हेजनसाठी, म्हणजे कर्कपेशीनं शेजारच्या ऊतीत शिरण्यासाठी, 'प्रसार'. तो इथे अगदीच चुकेल, आणि फुप्फुसात तर हमखास. २०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार अ‍ॅडेनोकार्सिनोमाची (ग्रंथीसारख्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाची) ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ वायुकोशांच्या मूळच्या भिंतींवरूनच पसरत असेल आणि आत कुठेच शिरली नसेल, तर ती 'जागच्या जागी' धरतात. शिरली, पण ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, तर 'अत्यल्प आक्रमक'. म्हणजे पसरलेली आहे तरी इन्व्हेजन नाही, असं होऊ शकतं. तुमच्या वाचकाला नेमका हाच फरक कळायला हवा. दूरच्या अवयवात जाऊन बसणं ही आणखी तिसरी गोष्ट. 'प्रसार' लागलाच तर तिच्यासाठी राखून ठेवा.

'आक्रमण' योग्य, आणि मला तो आवडतो तो तलवारींसाठी नव्हे. त्यातला धातू 'क्रम्', पाऊल टाकणे, चंक्रमणातला तोच. इन्व्हेजन करणारी पेशी आधारकात खरोखरच बारीक पाय रोवते. त्या पायांना इन्व्हॅडोपोडिया म्हणतात, आणि 'पोडिया'त ग्रीक पाऊलच आहे. एमएमपीचा मारा होतो तोही या पायांच्या टोकांशी.

तेव्हा वाक्य असं करून बघा: 'पेशीबाह्य आधारक कडक होतो, कर्कपेशीला चालीचे इशारे देतो, ती त्याला कातरत किंवा त्याच्या फटींतून वाट काढत आत शिरते.' लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी असेल तर आधारकाऐवजी पहिल्या उल्लेखात 'पेशींमधलं जाळं' म्हणा आणि आक्रमणाऐवजी 'शिरकाव'.